कडू बिया घेऊन जालन्याला

जालन्याला लोक बियाणं आणायला जातात. मी पुण्याहून बिया घेऊन गेलो, आणि तेवढ्यावर न थांबता त्या एका लहान मुलीच्या वाटीत नेऊन टाकल्या. हे वाचून कुणाला जालना जिल्ह्यात जावंसं वाटलं तर जरूर जावं. मी आता परत आलो आहे, त्यामुळं जिल्हा सुरक्षित आहे.

जायचं कारण एवढंच, की माझा मेंदू निघून चालला होता आणि तो पुरता जायच्या आत मला युसूफला भेटून घ्यायचं होतं. माझी पहिली नोकरी जालना एमआयडीसीत, एका रोलिंग मिलच्या कचेरीत. मी हिशेबात चुका करायचो आणि वजनकाट्यावर बसणारा युसूफ त्या निस्तरायचा. आमच्या मैत्रीचा पाया तो, आणि माझ्या बाजूनं तो मी आजवर भक्कम ठेवला आहे.

मेंदूचं म्हणाल तर वर्षभरापासून मला नावं सापडेनाशी झाली होती. शेजाऱ्याचं नाव, नटांची नावं, स्वतःच्या साडूचं नाव. माझी बायको शैला म्हणाली, "नावं तू कधी लक्षात ठेवत होतास? माझ्या तिन्ही भावांना तू लग्नापासून 'अहो' म्हणतोस." पण तिला माहीत होतं मी कशाला घाबरतो ते. माझे वडील शेवटी शेवटी मला सोसायटीच्या वॉचमनच्या नावानं हाक मारायचे आणि वॉचमनला माझ्या. वॉचमन माझ्यापेक्षा त्यांची चौकशी जास्त करायचा, त्यामुळं त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. मी तेव्हा ती गोष्ट हसून सगळ्यांना सांगितली. आता हसू येत नव्हतं.

अशा वेळी पुण्यात माणसाला डॉक्टरकडं जायची गरज पडत नाही. आमच्या हास्यमंडळात एक निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी मला कडू जर्दाळूच्या बिया दिल्या. मेंदूचं टॉनिक. सकाळ-संध्याकाळ चावून चावून खायच्या. बिया कडू होत्या, महाग होत्या आणि औषध कंपन्यांनी त्यांचं सत्य जगापासून लपवलं होतं. एखादी गोष्ट गुणकारी ठरायला आम्हाला आणखी काय लागतं? पंधरवड्यात माझं डोकं जड झालं, चालताना पाय दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे वाटू लागले. मी इंजिनिअरसाहेबांना विचारलं. ते प्रसन्न झाले. म्हणाले, विष बाहेर पडतंय, मात्रा वाढवा.

मी वाढवली. बरणी पिशवीत टाकली आणि गाडीत बसलो. गाडीतल्या प्रवासाचं वर्णन मी करत नाही, कारण मी झोपलो होतो आणि जागा होतो तेव्हा गरगरत होतं.

मस्तगड

मस्तगडात युसूफचं गोटा-लेसचं दुकान आहे आणि वर घर. मला बघून तो दुकानाची पायरी उतरून आला आणि म्हणाला, "काय रे सबनीस, बिलकुल वाळून गेलास की. पुण्यात जेवाया देत न्हाईत का?"

पुण्यात माणूस वाळला की त्याला "छान फिट दिसता" म्हणतात. इथं थेट ताट मांडतात. रुख्साना भाभींनी, म्हणजे युसूफच्या बायकोनं, तहारी, आंबट डाळ आणि दह्याची चटणी समोर ठेवली आणि मी नको म्हणायच्या आत दुसऱ्यांदा वाढलं. भाभी उर्दू शाळेत शिकवायच्या, नुकत्याच निवृत्त झाल्यात. वाढतानाही त्यांची नजर अशी, की पानात टाकलं तर उभं करतील.

घरात युसूफची नात होती, झोया. पाच वर्षांची. दोन दिवसांनी तिची बिस्मिल्ला होती. मूल पहिल्यांदा अक्षर गिरवतं त्या दिवशी या घरांत मोठी दावत असते. आमच्याकडं असा दिवस मोबाईलवर चार फोटो काढून संपतो आणि मूल संध्याकाळी क्लासला जातं. मी झोयाला कौतुकानं जवळ बोलावलं, "ये बेटा सानिया." तिनं मान हलवली. मी सोफिया करून बघितलं. मग झरीना. तिला वाटलं हा खेळ आहे. त्यानंतर ती दर तासाला समोर येऊन उभी राहायची आणि विचारायची, "मेरा नाम क्या?" मी चुकायचो. ती खिदळत पळून जायची. घरात सगळे हसायचे. मीही हसायचो आणि बाजूला जाऊन दोन बिया जास्त खायचो.

राजूर

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. युसूफ म्हणाला, चल, तुला राजूरच्या गणपतीला नेऊन आणतो, रस्त्यात मला रंगनाथकडं ज्वारीचं सांगायचंय. आम्ही त्याच्या स्कूटरवरून निघालो. स्कूटर वळणावर एकीकडं झुकायची आणि मी दुसरीकडं. एमआयडीसीच्या बाजूनं सळयांनी भरलेले ट्रक येत होते. युसूफ मागं न बघता म्हणाला, "सबनीस, पकडून बस. शैलाभाभीला काय सांगू मी, पुण्याचा माणूस कुठं सांडला म्हणून?"

रंगनाथ भोकरदनच्या रस्त्यावरचा शेतकरी. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. याच्याकडं थोडी जमीन, दोन गाई आणि भरपूर मतं आहेत. युसूफ दरसाल घरची ज्वारी त्याच्याकडूनच घेतो. आम्ही पोचलो तेव्हा तो एका गाईला दाव्यानं मागं ओढत होता. ज्वारी निघून गेलेली, पण अवकाळी पावसानं तिच्या बुडख्यांना हिरवीगार फूट आली होती आणि गाईचा जीव त्या फुटीत अडकला होता.

मला गाईची दया आली. खाऊ द्या की तिला, मी म्हणालो, कोवळं आहे, ताजं आहे. आमच्याकडं लोक ट्रेमध्ये गव्हाचे अंकुर वाढवून रस काढून पितात. एवढं बोलून मी चार कोंब स्वतःसाठी खुडलेसुद्धा. लहान पोराच्या हातातून विडीचं थोटूक काढावं तसे रंगनाथनं ते माझ्या हातातून काढून घेतले.

"किरळ हाये ते, साहेब," तो म्हणाला. "पाण्याचा ताण बसल्यावर फुटलेलं लई वाईट. जनावर चार तोंडं मारतं आन् जाग्यावर डुलाया लागतं. तोल जातो, डोळे फिरवतं, मंग खाली. मागच्या साली आमच्या भावकीतली गाय अशीच गेल्ती."

"बिचारी," मी म्हणालो आणि खिशातली एक बी तोंडात टाकली. बांधावरून उतरताना माझा तोल गेला. रंगनाथनं गाईचं दावं एका हातात आणि माझा दंड दुसऱ्या हातात धरून आम्हा दोघांना रस्त्याला लावलं.

राजूरला देवळाच्या पायऱ्या मी कठड्याला धरून चढलो. युसूफ खाली चपलांजवळ थांबला होता, पण माझं चढणं बघून तोही वर आला आणि माझ्या मागं एक पायरी ठेवून चालत राहिला. दर्शन झालं. मी गणपतीजवळ बुद्धी मागितली. ती तातडीनं हवी होती असं सांगायला हवं होतं.

कारण खाली उतरल्यावर मी साबुदाण्याच्या खिचडीच्या गाड्यापाशी थांबलो आणि उपाशी भाविकांना व्याख्यान द्यायला लागलो. मी मोबाईलवर एका लेखाचा पहिला परिच्छेद वाचला होता. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कंदात सायनाईड असतं. आफ्रिकेत दुष्काळात तो नीट न भिजवता खाणाऱ्यांच्या मेंदूवर परिणाम होतो, पाय कायमचे ताठरतात. हे मी मोठ्या आवाजात, हातवारे करत सांगितलं. एका बाईंची प्लेट तोंडापाशी थांबली. खिचडीवाल्यानं झारा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"मंग आम्ही काय खावं?" त्या बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, नैसर्गिक, कच्चं, प्रक्रिया न केलेलं.

"आन् तुमचं काय चालू हाये तोंडात?"

"औषध," मी म्हणालो आणि चावत राहिलो.

युसूफनं मला खांद्याला धरून तिथून हलवलं. खिचडीवाल्याची माफी मागून त्यानं स्वतः एक प्लेट घेतली आणि उभ्या उभ्या संपवली. बहुधा गावकऱ्यांना धीर यावा म्हणून. परतताना अर्ध्या वाटेत त्यानं स्कूटर बाजूला घेतली. म्हणाला, "काल तू मला दोनदा एकच किस्सा सांगितलास. पायऱ्यांवर झोकांड्या खात होतास. खरं बोल, काय झालंय?"

मी त्याला वडिलांचं सांगितलं. वॉचमनचंही. इतक्या वर्षांत ही गोष्ट ऐकून न हसणारा तो पहिला माणूस.

दावत

तिसऱ्या दिवशी सकाळी भाभी स्वयंपाकघरात जर्दाळूच्या आठळ्या फोडत बसल्या होत्या. जर्दाळूला इकडं खुबानी म्हणतात. हैदराबादचं राज्य गेलं, पण त्याचं खुबानीचं गोड या गल्लीत अजून शाबूत आहे. सुकी खुबानी रात्रभर भिजवायची, शिजवून दाट करायची, वर साय घालायची, आणि आठळीच्या आतली बी गरम पाण्यात घालून, साल काढून सायीवर सजवायची. त्यातही एक रीत आहे. भाभी प्रत्येक बीचा कण तोडून जिभेवर ठेवायच्या. गोड असली तर वाटीत, कडू लागली तर थेट कचऱ्यात.

"कडू का फेकता?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांदेखत मेंदूचं टॉनिक कचऱ्यात जात होतं.

त्या म्हणाल्या, सासूबाई फेकायच्या. सासूबाईंना विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मी मनात म्हणालो, बघा, परंपरेनं आलेलं अज्ञान. वाटीत बिया थोड्याच जमल्या होत्या, पाहुणे बरेच येणार होते. या माणसांनी मला इतकं जेवू घातलं, स्कूटरवरून फिरवलं, पडू दिलं नाही. त्यांच्यासाठी आपण काहीतरी करायला हवं असं मला फार वाटलं. भाभी वर गच्चीत गेल्या तेव्हा मी माझ्या बिया गरम पाण्यात घातल्या, एकेक सोलली, इतर बियांसारखा तिचा कण तोडला आणि सगळ्या त्यांच्या वाटीत मिसळून टाकल्या. सोललेल्या बियांत गोड कोणती नि कडू कोणती ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. आयुष्यात इतक्या नीटपणे मी दुसरं कुठलंही काम केलेलं नाही.

दावतीला रंगनाथही आला होता, धुतलेल्या टोपीत, पिशवीभर मोसंबी घेऊन. झोया जरीच्या कपड्यांत पाटीसमोर बसली. मौलवीसाहेबांनी तिचा हात धरून पहिलं अक्षर काढलं, दुसरं तिनं स्वतः काढलं आणि पाटी सगळ्यांना फिरवून दाखवली. मग खुबानीच्या गोडाची पहिली वाटी तिला. मी अभिमानानं बघत होतो. पोरगी शिकायला निघाली आहे आणि तिच्या मेंदूला पहिली मदत माझी.

झोयानं चमच्यात नेमकी बी उचलली, चावली आणि हातावर थुंकली. "दादी, कडवा है."

भाभींनी तिच्या वाटीतली दुसरी बी तोडून जिभेला लावली. मग तिसरी. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी झोयाला चूळ भरायला लावली, तिच्या तोंडात बोट फिरवून बघितलं आणि युसूफला एवढंच म्हणाल्या की सगळ्या वाट्या परत घे. युसूफ हसत हसत प्रत्येक पाहुण्याच्या हातातली वाटी काढून घेत फिरला, जणू ही पण एक रीतच. बऱ्याच जणांनी चमचाही लावला नव्हता. ज्यांनी लावला होता त्यांचं सायीवरच चाललं होतं.

"मैंने एक एक चख के रखे थे," भाभी म्हणाल्या. "ये कहाँ से आए?"

मी सांगितलं. बरणी आणून दाखवली. अजून निम्मी भरलेली होती.

"ये आप रोज खाते?"

"मेंदूसाठी," मी म्हणालो. "सुरुवातीला गरगरतं, तोल जातो. विष बाहेर पडतं म्हणून."

मागून रंगनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "किरळ लागली म्हना की साहेबाला."

सगळी बैठक हसली. मौलवीसाहेबसुद्धा. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता. युसूफ मात्र हसला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग झोयाकडं, मग बरणी काखेत मारली आणि म्हणाला, "चल जल्दी. उठ."

दवाखाना

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि दुपारच्या जेवणाला निघाल्या होत्या. बरणी बघून परत बसल्या. आधी त्यांनी झोयाचं विचारलं. एकच चावली, थुंकली, गिळली नाही, चूळ भरली. मग त्यांनी भाभींना फोनवर सांगितलं की संध्याकाळपर्यंत नजरेसमोर ठेवा. मळमळलं, सुस्तावली, श्वास जोरात घेऊ लागली तर एक मिनिट न थांबता मोठ्या दवाखान्यात न्या. मी शेजारी बसून हे ऐकत होतो. एरवी माझ्या तोंडात कुठला ना कुठला विनोद तयार असतो. तेव्हा नव्हता.

मग माझी पाळी. त्यांनी मला चालायला लावलं, डोळे मिटून उभं केलं. मी पडलो तर सावरायला युसूफनं माझ्या मागं हात पसरून ठेवले होते, आता त्याला त्याची सवयच झाली होती.

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. ही कडू बी चावली की तिच्यातून सायनाईड सुटतं, किरळीतलंही विष तेच. थोडं असलं तर शरीर ते निस्तरतं. रोज घालत राहिलं तर निस्तरणारा मागं पडतो. (मी युसूफकडं बघितलं.) प्राणवायू रक्तातून मेंदूपर्यंत व्यवस्थित पोचतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही. ताट समोर, हात बांधलेले. मेंदूची भूक सगळ्यांत मोठी, म्हणून ओरड तिथं आधी होते: डोकं जड, चक्कर, गोंधळ, पाय ऐकत नाहीत. एकदम जास्त खाल्ल्या असत्या तर आपण बोलत बसलो नसतो, असंही त्या म्हणाल्या, अगदी सहज, हवामान सांगितल्यासारखं.

"तरी मी काल राजूरला लोकांना सांगत होतो," मी म्हणालो. "साबुदाण्यातल्या सायनाईडचं."

"साबुदाणा करताना ते धुऊन निघतं," त्या म्हणाल्या. लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात तेच असावं. तिथवर मी पोचलो नव्हतो.

मग मी खरं ते विचारलं. नावं विसरतो ते या बियांमुळंच ना? मला त्या क्षणी ते विष किती प्रिय झालं होतं म्हणून सांगू. सगळा दोष त्याचा निघाला असता तर मी त्या इंजिनिअरसाहेबांचा सत्कार केला असता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "विसरणं आधीचं, बिया नंतरच्या. चक्कर आणि पाय बियांचे. नावांचं, बिया बंद करून महिना झाल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. मोसंबी, सळई, छत्री."

त्यांनी मग शैलाचा नंबर, माझी झोप, माझी साखर असं काही काही विचारलं आणि मध्येच म्हणाल्या, सांगा शब्द.

"मोसंबी," मी म्हणालो. "सळई." तिसरा शब्द येईना. युसूफचे ओठ हलत होते. डॉक्टरबाईंनी त्याला नजरेनं गप्प केलं. परीक्षेत कॉपी पुरवायची त्याची जुनी सवय.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "महिन्यानं पुण्यात दाखवा. बरणी इथं ठेवून जा."

घरी आलो तेव्हा झोया गच्चीवर पळत होती. भाभी तिच्यामागं, नजर न काढता. मी माफी मागायला गेलो तर त्या म्हणाल्या, "भाईसाब, पहले खाना खाओ. डाँटूँगी बाद में." आणि नंतर खरंच रागावल्या. तीस मुलांच्या वर्गाला पुरेल इतकं. मला फार बरं वाटलं.

पुणे

परतून महिना होऊन गेला. डोकं हलकं आहे, पाय माझे मलाच परत मिळाले आहेत. हास्यमंडळात मी बियांचं सगळं सांगितलं. इंजिनिअरसाहेब म्हणाले, तुम्ही मात्रा पूर्ण केली नाहीत. मी आता घरीच हसतो, शैलासमोर. कारणं ती पुरवते.

पुण्यातल्या डॉक्टरांकडं जायच्या आदल्या दिवशी युसूफचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर त्याची दाढी दिसायच्या आत झोयाचं नाक दिसलं.

"मेरा नाम क्या?"

शैला भाजी निवडता निवडता थांबली. तिनं वर बघितलं नाही.

"झोया," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, अगदी गंभीरपणे. "गलत."

वडिलांचा चेहरा, वॉचमनचा चेहरा, सगळं एकदम समोर आलं. सानिया? सोफिया? मी तिच्याकडं बघितलं. जरीचे कपडे, पाटी, दुसरं अक्षर तिनं स्वतः काढलेलं, हातावर थुंकलेली बी.

"नाही," मी म्हणालो. "झोयाच. तू कितीही मान हलव. तू झोया आहेस, आणि तिसरा शब्द छत्री होता."

मागं कुठंतरी युसूफ हसला. झोयानं पडद्याला डोळा लावला.

"कौनसी छत्री?" तिनं विचारलं.